ज्युदो की एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स)?

ठाण्यात ज्युदो खेळणारी भाची परवा घामाने जड झालेला गी (ज्युदोचा पोशाख) वाळत घालताना म्हणाली, "मामा, मी केयला हॅरिसनसारखी एमएमएत जाणार."

ज्युदोत लढत 4 मिनिटांची. इप्पॉन (पूर्ण गुण) पडला की खेळ खलास. एमएमएत 5-5 मिनिटांच्या तीन फेऱ्या, वर ठोसे, आणि धरायला कॉलरच नाही! पकड नव्याने शिकायची, बगलेखालून, मनगटावर. वजनाचं तर विचारूच नका: 2012 आणि 2016ला 78 किलोत ऑलिंपिक सुवर्ण घेणारी हॅरिसन यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या बड्या स्पर्धेत, 61 किलोवर उतरली. (आमच्याकडे दिवाळीनंतर दोन किलो उतरत नाहीत.)

पण 2025मध्ये यूएफसी विजेतेपदाचा पट्टा तिने जिंकला तो किमुराने (हात पिरगाळणाऱ्या पकडीने), म्हणजे ज्युदोतल्याच उदे-गारामीने. म्हणून माझं मत: आधी ज्युदोच. खेळाडू कोट्यातली नोकरीही त्यावर मिळते. भाचीने उत्तरादाखल माझंच मनगट पिरगाळलं.