कुटुमसर की बेलम? नागपूरहून गाडी काढण्याआधी

नागपूरकराला गुहा म्हटलं की आधी पचमढी आठवते. नागद्वारची यात्रा, जटाशंकर, गुप्त महादेवाची ती अंग चोरून शिरायची फट. पण तिथे आपण देवाला जातो. जमिनीच्या पोटात उतरून नुसती गुहा पाहायची असेल, आणि तीही स्वतःच्या गाडीने जाऊन, तर माझ्या मते दोनच नावं उरतात: बस्तरमधली कुटुमसर आणि आंध्रातली बेलम. आंध्रातलीच बोर्रा गुहा मी यात धरत नाही. अरकूला जाणारे ती वाटेत पाहतातच, आणि फक्त तिच्यासाठी तेवढं लांब जाणं मला तरी पटत नाही.

आम्ही दोन्ही केल्या, दोन वेगवेगळ्या हिवाळ्यांत. सोबत बायको, दहावीतली मुलगी आणि गुडघ्यांचा त्रास असलेली आई. हे आधीच सांगतो, कारण माझं मत या चौघांच्या प्रवासावरूनच बनलंय. पंचविशीतले चार मित्र निघाले तर त्यांचं मत वेगळं होऊ शकतं.

नकाशा पाहिला तर निकाल लागल्यासारखाच वाटतो. कुटुमसरसाठी गाठायचं जगदलपूर, ते ६०० किलोमीटरच्या आसपास. भंडारा, साकोली, राजनांदगाव करत रायपूर, तिथून धमतरी, कांकेर आणि केशकालचा घाट. पहाटे चारला निघालो आणि रात्रीचं जेवण जगदलपूरला झालं. बेलम ८०० च्या वर पडते. हैदराबादला किंवा त्याच्या पुढे एक मुक्काम करावाच लागतो, मग कर्नूलपर्यंत हायवे आणि शेवटचे शंभरेक किलोमीटर आतले रस्ते. त्या रस्त्यावर बनगानपल्ली लागतं. उन्हाळ्यात नागपूरच्या कळमना बाजारात उतरणारा बैंगनपल्ली आंबा ज्याच्या नावाचा, तेच हे गाव. आईने तिथे गाडी थांबवायला लावली. डिसेंबरात आंबा कुठला मिळणार, पण गाव पाहिल्याचं समाधान तिला फार झालं.

गुहेच्या आजूबाजूचं पाहाल तर बस्तरला तोड नाही. कांगेर घाटीचं जंगल १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. गुहेला जाणारा रस्ता त्याच सालवनातून जातो, जवळच तीरथगढचा धबधबा, आणि जगदलपूरच्या दुसऱ्या अंगाला इंद्रावतीवरचा चित्रकोट. बेलमच्या भोवती उघडं माळरान, दगडाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने. गाडीतून उतरल्यावर मुलीने विचारलं, "बाबा, गुहा कुठे आहे?" डोंगर दिसतच नव्हता. गुहा सपाट जमिनीखाली आहे आणि तोंड विहिरीसारखं, त्यात लोखंडी जिना सोडलेला.

कुटुमसरला उतरताना मात्र काळजात धस्स होतं. अरुंद फट, वळत खाली जाणाऱ्या पायऱ्या, एका वेळी एकच माणूस. १९५० च्या दशकात डॉ. शंकर तिवारींनी ही गुहा अभ्यासकांपुढे आणली. त्यांनी ती कोणत्या उजेडात पाहिली असेल, हे त्या पायऱ्यांवर सारखं मनात येत होतं. आत गेल्यावर शाळेच्या भूगोलात पाठ केलेले अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ खरोखर समोर उभे राहतात, कुठे पडद्यासारखे, कुठे झुंबरासारखे. आतल्या डबक्यांत ते प्रसिद्ध मासे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहून त्यांचे डोळे खुजे झालेत, रंग उडालाय. आम्हाला एकच दिसला, दोन बोटांएवढा, फिकट. नुसत्या दगडाच्या सौंदर्यात कुटुमसर बेलमपेक्षा सरस आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

मग अडलं कुठे? दिव्यापाशी.

कुटुमसरमध्ये गाईड घ्यावाच लागतो, आणि आम्ही गेलो तेव्हा आत कायमचे दिवे नव्हते. उजेड फक्त गाईडच्या हातात. एका कोपऱ्यात मुलीने मला बाही ओढून थांबवलं. छतातून करंगळीएवढी जाड, दुधी रंगाची नळी लोंबत होती आणि तिच्या टोकाला थेंब धरला होता. त्या थेंबात गाईडचा दिवा उलटा, मोहरीएवढा दिसत होता. अशाच थेंबांमागे राहिलेल्या चुन्यातून हे खांब हजारो वर्षांत वाढतात, हे मी तिला सांगत होतो आणि आम्ही दोघं तो थेंब पडायची वाट पाहत होतो. एवढ्यात दिवा हलला. थेंब गेला, नळी गेली, भिंत गेली. समोर काळंकुट्ट आणि पुढून हाक, "चलिए, चलिए, पीछे वाले रुके हैं."

गाईडची चूक नव्हती. मागच्या गटाला तीच एक वाट होती आणि बाहेर येणाऱ्यांनाही तीच. मोबाइलचा टॉर्च लावून पाहिला, तर समोरची दमट हवाच तेवढी पांढरी दिसली. आणि एकट्याने मागे रेंगाळण्यासारखी ती जागा नाही. मग पुढचा सगळा वेळ मी गुहा पाहण्याऐवजी दिवा कुठे चाललाय तेच पाहत राहिलो. आई तर पायाखालची जमीन सोडून वर एकदाही बघू शकली नाही. ६०० किलोमीटर जाऊन आईने काय पाहिलं, तर स्वतःच्या चपला. हे माझ्या मनातून आजही जात नाही.

बेलममध्ये दिवे लावलेले आहेत. ते रंगीबेरंगी दिवे काहींना आवडत नाहीत आणि मलाही सगळीकडे आवडले असं नाही. पण उजेड जागेवर असतो, म्हणून माणूसही जागेवर उभा राहू शकतो. गुहेची मोजलेली लांबी ३,२२९ मीटर, त्यातला दीडेक किलोमीटर पाहायला खुला. बोळ इतके रुंद की थांबलं तरी मागचा सहज पुढे निघून जातो. इथे लवणस्तंभ कमी आहेत. त्याऐवजी पाण्याने घासून गुळगुळीत केलेल्या काळसर भिंती. आईने भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाली, "अरे, हा तर आपला कडप्पा." तिचं बरोबर होतं. आपल्या ओट्याला बसवलेली कडप्पा फरशी याच भागातल्या, याच जातीच्या काळ्या चुनखडकाची. चाळीस वर्षं ज्यावर पोळ्या लाटल्या तो दगड पाण्याने कसा कोरला जातो, हे ती कितीतरी वेळ बघत राहिली. कोणी चला म्हटलं नाही.

या गुहेत पूर्वी बौद्ध भिक्षूंचा वावर होता. त्यांच्या ध्यानाची म्हणून दाखवतात त्या दालनात आई टेकली आणि आम्ही तिघं पाताळगंगेपर्यंत उतरून आलो. तो सगळ्यात खोल भाग, ४६ मीटर. तिथे एक झरा दगडात शिरून दिसेनासा होतो. १८८४ मध्ये ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी या गुहेची नोंद केली, पुढे १९८० च्या दशकात गेबाउर या जर्मन संशोधकाच्या चमूने ती मोजली, आणि तरीही १९८८ पर्यंत आसपासच्या वस्त्यांचा कचरा हिच्यात पडत होता. त्या स्वच्छ भिंतींकडे पाहून हे खरं वाटत नाही.

बेलमचा त्रास म्हणजे उकाडा. गुहा म्हणजे गारवा अशी आपली समजूत असते, पण इथे वरून हवा सोडलेली असूनही डिसेंबरात माझा शर्ट पाठीला चिकटला आणि चष्म्यावर वाफ धरली. दमा असणाऱ्याने विचार करूनच आत जावं. कुटुमसरही आतून दमटच आहे, पण तिथे निम्म्या वेळात बाहेर येता.

कुटुमसरच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. कायमच्या दिव्यांखाली दगडावर शेवाळ धरतं, आणि अंधारावर जगणाऱ्या त्या माशांसाठी तिथे दिवे नसणंच योग्य. तिथे दिवे लावा असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन, निवांत पाहायला जायचं असेल, तर मी २०० किलोमीटर जास्तीची गाडी चालवेन. येत्या डिसेंबरात पुन्हा बेलमच ठरलीय, या वेळी त्याच भागातल्या गंडीकोट किल्ल्याचा एक मुक्काम वाढवून.

तुम्ही कुटुमसर ठरवली असेल तर दिवाळीच्या सुट्टीच्या भरवशावर निघू नका. पावसात गुहेत पाणी भरतं म्हणून ती बंद असते, आणि पाऊस लांबला की उघडणंही लांबतं. निघायच्या आदल्या दिवशी जगदलपूरच्या हॉटेलात फोन करून गुहा उघडली का, एवढं विचारून घ्या. आणि आत शिरताना गाईडच्या अगदी मागची जागा धरा.