लेन्सवरचे पुसलेले आकडे पुन्हा भरले, त्याला आठ महिने झाले

एप्रिलमध्ये मी काकांच्या निकॉर २८ एमएम एफ/२.८ लेन्सवरच्या कोरीव आकड्यांत नव्यानं रंग भरला. आता डिसेंबर लागलाय. मधे बेळगावची शिवजयंतीची मिरवणूक झाली, खानापूरचा अख्खा पावसाळा गेला, गणपती झाले आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली. या सगळ्यात लेन्स रोजच्या वापरात होती, त्यामुळे काय टिकलं आणि काय नाही हे आता खात्रीनं सांगता येतं. इनॅमल, म्हणजे डबीतला तेलरंग, टिकला. ॲक्रिलिक, म्हणजे पाण्यात मिसळणारा ट्यूबमधला रंग, निघाला.

काकांचा खानापुरात स्टुडिओ होता. निकॉन एफएम२ हा रोलचा कॅमेरा आणि ही लेन्स त्यांच्या हातात वीसेक वर्षं फिरली. शेवटी शेवटी काचेत फंगस, म्हणजे बुरशी, आलं म्हणून त्यांनी ती बाहेरगावी साफ करायला दिली. परत आली तेव्हा काच लख्ख होती, पण बाहेरून कुठल्यातरी जहाल द्रावणानं पुसलेली. ५.६ मधलं फक्त टिंब उरलं होतं. अनंताच्या खुणेचा, म्हणजे आडव्या आठाचा, एकच डोळा दिसत होता. काकांनी तशीच वापरली, त्यांचा हात बसलेला होता. माझा नाही.

ऑटोफोकसची सवय असलेल्याला हे आकडे शोभेचे वाटतात. पण गर्दीत काम करणाऱ्याचा सगळा जीव त्यांच्यात असतो. या लेन्सवर अॅपर्चरच्या (प्रकाश आत येण्याच्या छिद्राच्या) आकड्यांना रंग आहेत, ८ गुलाबी, ११ पिवळा, १६ निळा, आणि बॅरलवर, म्हणजे लेन्सच्या नळीवर, त्याच रंगांच्या रेघांच्या जोड्या आहेत. अॅपर्चर ८ वर ठेवायचं, फोकस रिंगवरची अनंताची खूण एका गुलाबी रेघेवर आणायची, की साधारण पावणेदोन मीटरपासून पुढचं सगळं चालण्यासारखं शार्प येतं. डोळा व्ह्यूफाइंडरला न लावतासुद्धा फोटो घेता येतो. रेघाच दिसत नसतील तर हे सगळं ज्ञान फुकट.

सुरुवात मी ॲक्रिलिकनं केली, कारण ट्यूब घरात होती आणि चुकलं तर पाण्यानं पुसता येईल असा विचार. भरायला फार सोपं. तासाभरात सुकलं, दिसलंही सुरेख. तीन आठवडे टिकलं. मेच्या उन्हात एका लग्नात दिवसभर घामेजलेला अंगठा अॅपर्चर रिंगवर फिरत राहिला आणि संध्याकाळी ४ चा आकडा सालीसारखा सुटून आला. धातूच्या गुळगुळीत खाचेत त्यानं धरच घेतला नव्हता. सुदैवानं मी तेव्हा फक्त दोन आकडे ॲक्रिलिकनं भरले होते. बाकीचे इनॅमलचे, आणि ती पद्धत मला मामेभावानं शिकवली.

तो बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर आहे. मशीनच्या हँडव्हीलवरच्या डायलला अशाच कोरीव रेघा असतात, तेलानं काळ्या झाल्या की हे लोक त्यांत रंग भरतात. त्यानं माझं काम दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "कापडानं पुसू नको की रे. कापड खाचेत शिरतंय आणि रंग उचलून आणतंय. पेपर घे."

सगळा फरक त्या पेपरनं पडला. आधी टोकदार केलेल्या लाकडी काडीनं जुना रंग आणि मळ खाचेतून काढायचा. सुई वापरायची नाही, काळं ॲनोडायझिंग (धातूवरचा संरक्षक थर) खरवडलं की खालचं पांढरं ॲल्युमिनियम कायमचं दिसत राहतं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं किंचित ओल्या केलेल्या इअरबडनं तेलकटपणा काढायचा. काडीच्या टोकानं इनॅमलचा थेंब खाचेत ठेवायचा, आजूबाजूला पसरला तरी चालेल. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, वरची साय धरेपर्यंत. मग वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा एका सपाट खोडरबरावर ताणून धरायचा आणि रेघेला आडवा एकदाच ओढायचा. दरवेळी कागदाची नवी जागा. शेवटची पुसट झाक उरते, तिच्यासाठी टर्पेंटाईनचा बोटाला जेमतेम जाणवेल इतका ओलावा घेतलेला कागद. पहिल्यांदा ८ चा आकडा त्या काळ्या रिंगवर कडा धारदार होऊन उमटला तेव्हा मी भिंग घेऊन कितीतरी वेळ तोच बघत बसलो होतो. वरच्या गोलाच्या आतलं ते बारीक काळं बेटसुद्धा स्वच्छ उरलं होतं.

पांढरा रंग डबीतून थेट भरू नका. माझा पहिला आकडा शेजारच्या जुन्या आकड्यांपुढे ट्यूबलाइटसारखा चमकत होता. काढून टाकला आणि पांढऱ्यात काडीच्या टोकाएवढा पिवळा नि त्याहून कमी काळा मिसळला, तेव्हा जुळला. खर्चाचं म्हणाल तर छोट्या डब्या शंभराच्या आत मिळतात आणि एका डबीत शेकडो लेन्स होतील.

त्यानंतर आठवडाभर लेन्सला हात लावला नाही. इनॅमल वरून दोन-चार तासांत सुकतो, पण आतून कडक व्हायला दिवस लागतात. इथे घाई केली तर आधीची सगळी मेहनत अंगठ्याला लागून जाते.

मिरवणुकीच्या रात्री खडेबाजारात चित्ररथ अंगावर येत होते, ढोलाच्या दणक्यात शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. फ्लॅश लावलेला, अॅपर्चर ८, आणि मांडवाच्या दिव्याच्या उजेडात मला गुलाबी रेघ एका नजरेत सापडली. त्या रात्रीच्या रोलवर मावळ्याच्या वेशातलं एक पोर भालदाराच्या खांद्यावर झोपलेलं आहे. कॅमेरा छातीशी धरून घेतलेला फोटो आहे तो, आणि पोराच्या गालावरची ओघळलेली मिशीसुद्धा शार्प आली.

पावसाळ्याची मला खरी धास्ती होती. खानापूरकडचा पाऊस माहीत असलेल्यांना सांगायला नको, जुलैत कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. लेन्स सिलिका जेलच्या डब्यात ठेवत होतो, तरी बाहेर काढली की दमट हवा लागायचीच. रंग फुगला नाही, कडेनं उठला नाही. फक्त फोकस रिंगवरचा १ मीटरचा आकडा थोडा मळकट झाला, तो ओल्या कापडानं पुसल्यावर पूर्ववत झाला. आठ महिन्यांत दुरुस्ती लागली ती एकाच ठिकाणी, २.८ च्या टिंबाला. टिंबाची खाच फार उथळ, तिथं रंगाला बसायला जागाच नाही. दोनदा भरलं, दोनदा गेलं. मी ते आता तसंच सोडलंय.

ज्यांना करायचंय त्यांनी आधी आकड्यावरून नख फिरवून बघावं. खाच लागली तरच पुढे जावं. नंतरच्या काळातल्या बऱ्याच लेन्सवर आकडे नुसते छापलेले असतात, तिथं अल्कोहोल लागला की उरलेलंही जातं. माझ्या लेन्सवर माउंटजवळ, म्हणजे ती कॅमेऱ्याला बसते तिथं, अॅपर्चरच्या बारीक आकड्यांची दुसरी ओळ आहे, एफएम२ च्या व्ह्यूफाइंडरमधल्या खिडकीत तीच दिसते. तिथं नखाला काही लागलं नाही म्हणून मी हात लावला नाही. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, आणि टर्पेंटाईन रबरी पट्टीला लागू देऊ नका. मी पट्टीवर आणि रिंगांच्या फटींवर टेप लावून घेतली होती. फटीतून द्रावण आत गेलं तर फोकसचं ग्रीस पातळ होतं आणि मग काम दुरुस्तीवाल्याचं.

काकांना लेन्स दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा वर करून रिंग ११ वर आणली, पिवळ्या रेघा शोधल्या आणि विचारलं, "मोठी लेन्स कधी करतोस?" ती १०५ एमएम आहे. तिचं टेप लावून ठेवलंय, रविवारी भरायला घेईन.