स्लाइड शो जळगावला बनवला, दाखवायचा अमळनेरला: सोबत काय न्यायचं?

जुन्या पिढीतल्या कितीतरी गुरुजींची दाखल्यावरची जन्मतारीख १ जून. त्यामुळे ३१ मे आला की सेवापूर्तीचे कार्यक्रम एकावर एक येतात. घरात जे कुणी कॉम्प्युटरवर बसतं त्याच्या हातात जुन्या फोटोंची पिशवी पडते आणि हुकूम सुटतो, "एक छान शो बनव."

आमच्याकडे शो बनला जळगावच्या डेस्कटॉपवर. कार्यक्रम होता अमळनेरला, आणि तिथे वापरायचा होता दाजींचा लॅपटॉप. तयार व्हिडिओ करून नेला असता तर प्रश्नच मिटला असता. पण हॉलमध्ये पोचल्यावर कुणीतरी विचारणारच, "मना फोटो नही का रे भो?" त्या जिभाऊंचा फोटो आत गेल्याशिवाय पंगत गोड होत नाही. म्हणून शो न्यायचा तो दुरुस्त करता येईल असाच. मी प्रोशो या स्लाइड शो बनवायच्या प्रोग्रामची एक छोटीशी फाइल पेन ड्राइव्हवर टाकून निघालो. अमळनेरला ती उघडली, क्रम आणि वेळा जागेवर होत्या, पण फोटो एकही नाही. दोष माझाच होता.

बहुतेक स्लाइड शो आणि व्हिडिओ प्रोग्राम फोटो स्वतःजवळ ठेवत नाहीत. कुठला फोटो कुठल्या ड्राइव्हच्या कुठल्या फोल्डरमध्ये आहे, एवढाच पत्ता लिहून ठेवतात. आहेराच्या वहीत नावं असतात, भांडी नसतात, तसं. वही दुसऱ्या गावी नेली म्हणून भांडी मागोमाग येत नाहीत. तेव्हा प्रोग्राम निवडताना किती इफेक्ट आहेत हे नंतर बघा. फोटो सोबत येतात का, हे आधी बघा.

पॉवरपॉइंट

स्टुडिओवाले नाक मुरडतात, पण या एका कसोटीवर हाच सगळ्यांत पुढे. फोटो इन्सर्ट केला की तो फाइलच्या पोटात जातो. खात्री हवी असेल तर पॉवरपॉइंटच्या पीपीटीएक्स फाइलची एक कॉपी काढा, तिचं एक्स्टेंशन (नावातलं टिंबानंतरचं शेपूट) झिप करा आणि उघडा. आत मीडिया नावाच्या फोल्डरमध्ये सगळे फोटो ओळीने दिसतील. २०१० च्या आवृत्तीपासून गाणी आणि व्हिडिओही तसेच आत राहतात. फक्त फोटो घालताना 'लिंक टू फाइल' हा पर्याय निवडू नका. तो निवडलात की पुन्हा वहीच हातात.

दोन ठिकाणी मात्र हा दगा देतो. पहिलं ठिकाण फोटोंच्या आकाराचं, आणि त्याची भीती जरा फुगवलेली आहे. सेव्ह करताना पॉवरपॉइंट फोटो लहान करतो, नेहमीची मर्यादा २२० पीपीआय, म्हणजे दर इंचाला २२० पिक्सेल. पण रुंद स्लाइड १३.३३ इंचांची असते, म्हणजे पूर्ण स्लाइडभर फोटोला सुमारे २,९३३ पिक्सेल मिळतात. हॉलचा प्रोजेक्टर फुल एचडी असला तरी १,९२० च दाखवतो. पडद्यावर काही फरक पडत नाही. त्याच फाइलमधून फोटो काढून मोठी फ्रेम करायचं मनात असेल तर मात्र ऑप्शन्स, अॅडव्हान्स्डमध्ये जाऊन 'डू नॉट कॉम्प्रेस' वर खूण करा.

दुसरं ठिकाण अक्षरांचं, आणि मराठी माणसाला खरा त्रास इथेच होतो. गुरुजींचं नाव श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं असेल आणि दाजींच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसेल, तर नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. शेसव्वाशे माणसांसमोर. फाइलमध्ये फॉन्ट बसवायची सोय आहे (ऑप्शन्स, सेव्ह, 'एम्बेड फॉन्ट्स'), पण प्रत्येक फॉन्टचा परवाना ते करू देत नाही. त्यापेक्षा युनिकोडमध्येच लिहा, म्हणजे कुठल्याही एका फॉन्टवर अडून न राहणाऱ्या पद्धतीने. निर्मला यूआय हा युनिकोड फॉन्ट विंडोज ८ पासून विंडोजसोबतच येतो. मंगल मात्र विंडोज १० मध्ये वेगळा घ्यावा लागू शकतो, त्याच्या भरवशावर राहू नका. एखादं नाव सुलेखनातच हवं असेल तर त्याचं चित्र करून चिकटवा.

मॉर्फ हे ट्रान्झिशन (एका स्लाइडवरची चित्रं सरकत पुढच्या स्लाइडवर जातात ते) पॉवरपॉइंटच्या २०१९ च्या आवृत्तीत आलं. दाजींकडे त्याआधीची असेल तर तिथे साधं फेड दिसेल. चालतंय.

प्रोशो

आपल्याकडे लग्नाचे शो वर्षानुवर्षं यावरच झाले आणि फोटोंची हालचाल अजूनही लोकांना हीच आवडते. यात 'कलेक्ट शो फाइल्स' नावाची आज्ञा आहे. ती शोची फाइल आणि वापरलेले सगळे फोटो, गाणी एका फोल्डरमध्ये गोळा करते. मी नेमकी तीच वापरली नव्हती. पण आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी हा रस्ता सुचवणार नाही. बनवणारी कंपनी जानेवारी २०२० अखेर बंद झाली, नवी आवृत्ती येणार नाही, आणि समोरच्या मशीनवर प्रोशो आधीपासून नीट चालत नसेल तर गोळा केलेला फोल्डर घेऊन करणार काय? दोन्हीकडे तो असेल तरच याचा विचार करा.

प्रीमियर आणि रिझॉल्व्ह

संगीताच्या ठेक्यावर फोटो बदलायचे असतील, मधे मुलाखतीचे तुकडे घालायचे असतील, तर पॉवरपॉइंट अपुरा पडतो, व्हिडिओ एडिटिंगचे प्रोग्राम लागतात. प्रीमियर प्रोमध्ये 'प्रोजेक्ट मॅनेजर' मधून सगळ्या फाइली नव्या जागी कॉपी करता येतात. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती याहून स्वस्त आणि तितकीच समर्थ. त्यात 'एक्स्पोर्ट प्रोजेक्ट' आणि 'एक्स्पोर्ट प्रोजेक्ट आर्काइव्ह' असे दोन जुळे पर्याय आहेत. पहिल्याने नुसती वही मिळते, दुसऱ्याने वही आणि भांडी दोन्ही. नावं इतकी सारखी की घाईत हमखास चुकतं.

आणखी एक अट दोघांनाही लागू. नव्या आवृत्तीत केलेलं काम जुनी आवृत्ती उघडत नाही. निघण्याआधी फोन करून आवृत्तीचा आकडा विचारा. शिवाय रिझॉल्व्हला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागतं. हिशेबाच्या कामाचा साधा लॅपटॉप त्यापुढे मे महिन्यातल्या जळगावसारखा तापतो.

कॅनव्हा, गूगल स्लाइड्स

हे दोन्ही इंटरनेटवरच चालतात. इथे न्यायचंच काही नाही, लॉग इन केलं की शो समोर. भाऊ पुण्यात, बहीण शहाद्याला आणि दोघंही फोटो घालणार, असं असेल तर याला तोड नाही. पण कार्यक्रम मंगल कार्यालयाच्या तळघरातल्या हॉलमध्ये असेल आणि मोबाइलला एकच दांडी असेल, तर देवाचा धावा करा. तयार पॉवरपॉइंट गूगल स्लाइड्समध्ये बदलायचा तर १०० एमबीची मर्यादा आहे, आणि जुन्या फोटोंचे मोठे स्कॅन ती लवकरच ओलांडतात.

आता न्यायचं कशातून

पेन ड्राइव्ह बहुतेक वेळा पुरतो, फक्त तो एफएटी ३२ या जुन्या फॉरमॅटचा नाही ना हे पाहा. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, ड्राइव्हमध्ये ५० जीबी जागा रिकामी असली तरी. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला तर ती अडचण जाते आणि मॅकवरही लिहिता येतं. फॉरमॅटने आधीचं सगळं पुसलं जातं, एवढं लक्षात ठेवा.

गूगल ड्राइव्हवर अपलोड करून तिकडे उतरवून घेणं ऐकायला छान. पण ८ जीबीचं आर्काइव्ह १० एमबीपीएसच्या अपलोडने जायला पावणेदोन तासांच्या वर लागतात, मधे लाइट गेली तर आणखी. तेवढ्या वेळात जळगावहून अमळनेरला जाऊन होतं.

वारंवार दोन मशीनवर काम करणाऱ्यासाठी मला सगळ्यांत पटलेला उपाय वेगळाच आहे. काहीच कॉपी करायचं नाही. फोटो, गाणी, प्रोजेक्ट सगळं पहिल्यापासून एका पोर्टेबल एसएसडीवरच (बाहेरून जोडायच्या छोट्या डिस्कवर) ठेवायचं आणि विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये दोन्हीकडे तिला सी, डी असतं तसं एकच अक्षर द्यायचं, समजा पी. पत्ता दोन्ही घरी सारखाच, त्यामुळे चुकायचा प्रश्न नाही. यात धोका एकच, डिस्क गेली तर सगळंच गेलं. दर रात्री घरच्या डेस्कटॉपवर कॉपी हवीच.

माझी गत कुणाची होऊ नये म्हणून निघण्याआधीची तपासणी सांगतो. गोळा केलेला फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलात की घरच्या कॉम्प्युटरवर मूळ फोटोंच्या फोल्डरचं नाव बदला, नुसता शेवटी एक आकडा जोडा. मग पेन ड्राइव्हवरचा शो उघडा. फोटो दिसले तर शो स्वतःच्या पायावर उभा आहे. नाही दिसले तर तो अजून जुनाच पत्ता शोधतो आहे. जमलं की नाव पूर्ववत करा. सोबत एक एमपी४ व्हिडिओही घ्या, दाजींचा लॅपटॉप ऐन वेळी अपडेट घ्यायला बसला तर हा व्हिडिओ टीव्हीलाही लावता येतो.

आणि हॉलमध्ये जिभाऊ फोटो पाठवतो म्हणाले, तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून मागा. फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होतो, आणि पडद्यावर जिभाऊंचा चेहरा फुटतो.