दुचाकीच्या जीपीएसचा ‘ओरिजिनल’ चार्जर: अमरावतीत झालेली फसवणूक

मेळघाटात दुचाकीवर फिरणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. माझं काम धारणी तालुक्यात, जनावरांच्या औषधोपचाराचं. आतल्या वस्त्यांकडे जाताना बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते आणि जंगलात एक फाटा चुकला की दिवस वाया जातो. म्हणून नकाशे आतच साठवलेला, हँडलला बसणारा जीपीएस घेतला. यंत्राबद्दल तक्रार नाही. पण त्याची बॅटरी काही तासच टिकते, त्यामुळे गाडीवरून चार्जिंग लागतंच. नाडला गेलो ते तिथे.

अमरावतीच्या एका दुकानात ‘कंपनीचा ओरिजिनल चार्जर’ म्हणून १,८५० रुपयांना एक काळी डबी दिली. पाकिटावर छापलेलं: इनपुट १२ ते २४ व्होल्ट, आउटपुट ५ व्होल्ट ३ अँपिअर, वॉटरप्रूफ. “भाऊ, कंपनीचाच माल हाये, डोये झाकून न्या.” फिटिंगचे पैसे वेगळे घेतले. बिल मागितलं तर कोऱ्या कागदावर रक्कम लिहून दिली, खाली शिक्का: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’.

दुकानासमोर चार्जिंगचं चिन्ह झळकलं. वलगाव ओलांडेपर्यंत ते गेलं. गाडी थांबवून जरा वेळ उभं राहिलं की परत यायचं, निघालं की परत जायचं. धारणीला पोहोचेस्तोवर बॅटरी भरण्याऐवजी उतरली होती.

परत गेलो तर उत्तर तयार होतं: “उन्हानं मशीन तापते नं भाऊ, मंग चार्जिंग घेत नाई. आमचा काय दोष?” ही थाप आपल्याकडे सहज खपते, कारण तिच्यात थोडं तथ्य आहे. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करत नाहीत, यंत्र स्वतःच चार्जिंग थांबवतं, आणि विदर्भात मे महिन्यात पारा तेवढा चढतोच. पण तेच यंत्र भर दुपारी घरातल्या भिंतीच्या चार्जरवर व्यवस्थित चार्ज होत होतं, आणि गाडीवर मात्र गार पहाटेही चिन्ह जात होतं. हे सांगितल्यावर त्यानं ‘स्पेशल केबल’ म्हणून आणखी ३५० रुपये काढले. ती लावताच नकाशा गायब आणि पडद्यावर कॉम्प्युटरचं चित्र! काही जीपीएस यंत्रं केबलच्या पिनवरून ओळखतात की आपण कॉम्प्युटरला जोडलोय की चार्जरला. त्यांना यंत्रासोबत आलेली पॉवर केबलच लागते. दुकानदाराला हे माहीत नसेल, असं मला वाटत नाही.

शेवटी धारणीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी डबी उघडली. वर पांढऱ्या गोंदाचा थर, खाली अंगठ्याएवढी पट्टी आणि तिच्यावर तीन पायांचा एकच काळा तुकडा. त्यावर ७८०५ हा आकडा. “अरे, हा तर जुना रेग्युलेटर हाये,” काका म्हणाले. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट असतात. चांगला कन्व्हर्टर ते फारशी उष्णता न करता ५ व्होल्टवर आणतो. हा तुकडा मात्र वरचे ९ व्होल्ट नुसते जाळतो. १ अँपिअर ओढला की ९ वॉट उष्णता, आणि ती बाहेर टाकायला डबीत साधा पत्राही नव्हता. म्हणून तो तापून स्वतःच बंद पडायचा आणि निवला की चालू व्हायचा. ३ अँपिअर देणं त्याच्या आवाक्यातलं नाहीच. वर वायर थेट बॅटरीला जोडलेली, मध्ये फ्यूज नाही. इन्सुलेशन कुठे घासलं असतं तर गाडीच पेटली असती, याचा मला सर्वांत जास्त राग आहे.

तुम्ही घ्याल तेव्हा यूएसबीत खोचायचा छोटा मीटर सोबत न्या, दोनतीनशे रुपयांत मिळतो. गाडी चालू, यंत्राचा उजेड पूर्ण, आणि निदान अर्धा तास दुकानासमोरच थांबा. व्होल्टेज पावणेपाचच्या खाली उतरलं किंवा करंट शून्यावर आला तर पैसे देऊ नका. लाइन चावीनंतरच्या वायरवरून घ्यायला लावा, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी उतरणार नाही. बॅटरीजवळ फ्यूज बसवूनच घ्या.

तो शिक्का पाहून मात्र गप्प बसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणंही त्यातच मोडतं. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, उघडलेल्या डबीचे फोटो दिले. त्यानंतर दुकानातून फोन आला, नवा पीस देतो म्हणाले. मी नकार दिला. डबी, केबल आणि फिटिंग, तिन्हींचे पैसे मागितलेत. दिले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही.