पीटच्या माळावरचा रस्ता: खोदून करावा की तरंगता?

स्कॉटलंड-आयर्लंडच्या माळांवर पवनचक्क्यांचा प्रकल्प येतो तेव्हा चर्चा बहुतेक पात्यांची आणि पक्ष्यांची होते. पीटचे, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साठत गेलेल्या वनस्पतींच्या थराचे, नुकसान मात्र मोठ्या प्रमाणात रस्ते ठरवतात. ग्लासगोजवळच्या व्हाइटली प्रकल्पात 215 पवनचक्क्या आहेत आणि त्यांच्यामधले रस्ते सुमारे 130 किलोमीटर भरतात. दीड-दोन मीटर खोल पीटवरून असा रस्ता न्यायचा, तर पीट उपसून खालच्या घट्ट थरावर भराव घालायचा, किंवा पीट जागच्या जागी ठेवून जिओग्रिडच्या (जमीन बळकट करणाऱ्या प्लॅस्टिकच्या) जाळीवर खडी पसरायची आणि रस्ता तरंगता ठेवायचा. अशा कामावर नव्याने रुजू होणाऱ्यांना हा निर्णय लवकरच घ्यावा लागतो. मी दोन्ही प्रकारचे रस्ते केले आहेत.

मी या क्षेत्रात आलो तो साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरून. तिथे चार बोटे माती खरवडली की कातळ लागतो, त्यामुळे खोदून पक्के करणे हीच माझी सवय होती आणि इथेही पहिला रस्ता मी तसाच केला. त्याचे गुण नाकारण्यासारखे नाहीत. भराव खचत नाही, अवजड क्रेन निर्धास्त जाते आणि वेळापत्रक पाळता येते. मात्र दोन्ही बाजूंना चर काढावे लागतात आणि त्या चरांतून आजूबाजूच्या पीटचे पाणी ओसरू लागते. माझ्या रस्त्याच्या कडेला दुसऱ्याच उन्हाळ्यात ओले स्फॅग्नम शेवाळ पांढुरके पडले होते.

तरीही माझे मत फिरवले ते चरांनी नव्हे, तर उपसलेल्या पीटने. पीटचा बहुतांश भाग पाणीच असतो. वरचा शेवाळ-मुळांचा थर वीतभर जाडीचा असतो, तो सोलून बाजूला ठेवता येतो. खालचे काळे पीट पोकलेनच्या बकेटमधून पातळ पिठल्यासारखे ओघळते. त्याचा ढीग लागत नाही. बांध घालून साठवावे, तर पावसाळी आठवड्यात बांधावरून उतू जाते आणि ओढ्याचे पाणी चहासारखे होते. कोरड्या आठवड्यात त्याच साठ्याला तडे जातात, वरचे तुकडे गोवऱ्यांसारखे कडक होतात, आणि एकदा पुरते वाळलेले पीट पुन्हा सहजी पाणी धरत नाही, पाणी त्यावरून नुसते घरंगळते. कागदावर ‘पुनर्वापर’ असे लिहिलेले ते पीट रस्त्याच्या कडांना थापून झाल्यावरही इतके उरले होते की रोज सकाळच्या बैठकीत पहिला प्रश्न त्याचाच असे. पाच मीटर रुंद आणि दोन मीटर खोल चर एक किलोमीटर खणला, तर उभ्या कडा धरूनही 10,000 घनमीटर पीट निघते. एका घनमीटरात ढोबळमानाने 50 किलो कार्बन धरला, तर तो 500 टन होतो. उघड्यावर पडलेल्या पीटमधून तो हळूहळू हवेत जातो, आणि पवनचक्कीला आधी तेवढे कार्बनचे कर्ज फेडावे लागते. पीटचा थर साधारण वर्षाला एक मिलिमीटर वाढतो, हे लक्षात घेतले म्हणजे दोन मीटर खणण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

तरंगत्या रस्त्यालाही खोड्या आहेत. तो खचतो, आणि खचणे धरूनच त्याची आखणी करावी लागते. खडीचा एक थर टाकून थांबायचे, खुंट्यांवरची पातळी पाहायची, मगच दुसरा थर टाकायचा. घाईच्या ठेकेदाराला हे मुळीच मानवत नाही. दाबल्या गेलेल्या पीटमधून पाणी नीट वाहत नाही, मोऱ्यांचे पाइप मध्यभागी वाकतात आणि वरच्या बाजूला डबकी साचतात. खडीही जपून निवडावी लागते, कारण चुनखडीच्या खडीने आम्लधर्मी पीटची वनस्पती बदलते. पहिली क्रेन गेली तेव्हा मी कडेला उभा होतो आणि पायाखालची जमीन थरथरलेली स्पष्ट जाणवली. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

आणि ही भीती अगदीच निराधार नाही. आयर्लंडच्या डॉनिगॉलमधील मीनबॉग येथे नोव्हेंबर 2020 मध्ये पीट घसरले, ते तरंगता रस्ता करत असतानाच. उलट गॉलवेतील डेरीब्रायन येथे ऑक्टोबर 2003 मध्ये पवनचक्कीच्या पायाचे खोदकाम चालू होते, तेव्हा सुमारे 4,50,000 घनमीटर पीट घसरून नदीपर्यंत पोहोचले. पर्यावरणीय मूल्यांकन नीट न केल्याबद्दल युरोपीय न्यायालयाने 2019 मध्ये आयर्लंडला 50 लाख युरोंचा दंड आणि वर दिवसाला 15,000 युरो ठोठावले. त्यामुळे अमुक पद्धत सुरक्षित आणि तमुक घातक, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

तरीसुद्धा, उतार सौम्य असेल आणि पीट मीटरभराहून खोल असेल, तर माझा कौल बहुधा तरंगत्या रस्त्याला पडेल, कारण त्याचा त्रास रस्त्याच्या जागेवर आणि माझ्या डोळ्यांसमोर राहतो. पीट उथळ असेल तिथे मी आजही खोदतो. क्रेनचे तळ आणि पवनचक्क्यांचे पाये यांच्यासाठी तर खोदण्यावाचून गत्यंतर नसते, आणि तेवढ्या पीटची विल्हेवाट लावतानाच पुरेवाट होते.