पहिल्या पानाची गॅरंटी आणि कळव्याचा फोन

माझं दुकान ठाण्यात वागळे इस्टेटला आहे, वजनकाट्यांचं. विक्री, दुरुस्ती आणि पासिंग. इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो, त्यामुळे मिठाईवाले, किराणावाले, भंगारवाले सगळे वर्षातून एकदा तरी येतातच. कोण कुठे काटा मारतो हे आम्हाला लांबून कळतं आणि माझ्यावरच ७०,८०० रुपयांचा काटा मारला गेला. हसा खुशाल, घरचे पण हसले.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर फोन आला, "सर, गूगलकडून बोलतोय." दुसऱ्या दिवशी दुकानात आला तेव्हा तो "गूगलच्या पार्टनरकडून" झाला होता, आणि करारात तर पार्टनर हा शब्द पण नव्हता. पोरगा चुणचुणीत, शर्ट इन केलेला, गळ्यात आयकार्ड. म्हणाला काका गूगलवर शोधलं तर तुमची साइट पाचव्या पानावर आहे, पाचव्या पानावर कोण जातं? आता हे खरं होतं, साइट भाच्याने कॉलेजात असताना बनवून दिलेली, त्यानंतर तिला कोणी हात लावला नव्हता. साइट वर आणायचं सहा महिन्यांचं पॅकेज, महिना १० हजार, सगळे आधी भरायचे, वर १८ टक्के जीएसटी. पहिल्या पानाची गॅरंटी, नाहीतर पैसे परत. मी चेक फाडला.

इथेच उठायला पाहिजे होतं. गूगल स्वतःच लिहून सांगतं की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, आणि जाहिरात सोडली तर वर-खालच्या नंबरासाठी ते कोणाकडून पैसे घेत नाहीत. हे मला नंतर कळलं.

दोन महिन्यांनी पोरगा आला, माझाच फोन घेतला, त्यात "वेइंग स्केल शॉप निअर मी" टाकलं. नकाशात सगळ्यात वर आपलं दुकान! मी त्याला चहा-वडापाव खिलवला, बायकोला फोन करून सांगितलं. भाचा आता ऐरोलीला आयटी पार्कात आहे, त्याला स्क्रीनशॉट पाठवला तर त्याचा मेसेज, "मामा, दुकानात बसून शोधल्यावर आपलंच दुकान येणार ना. नकाशात गूगल अंतर पण बघतं. मी इथून शोधलं, आपण नाही दिसत." मी म्हटलं तुझं नेट स्लो असेल. वाईट वाटतं आता.

दर महिन्याला १४ पानांचा रिपोर्ट यायचा, रंगीत. त्यात एक आकडा ठळक असायचा, डोमेन अथॉरिटी, ४ वरून १९ झाली म्हणून. मला वाटलं गूगलने मार्क दिलेत. तो आकडा मॉझ नावाच्या एका वेगळ्या कंपनीचा आहे, गूगल तो वापरत नाही. आणि ३४० बॅकलिंक. म्हणजे दुसऱ्यांच्या साइटींवर आपल्या साइटच्या ३४० लिंका. भाच्याने त्यातल्या काही उघडून दाखवल्या, एक रशियन भाषेतलं पान, दोन-तीन जुगाराच्या साइटी, एक केस गळतीच्या तेलाची, आणि सगळीकडे मधेच कुठेतरी "वजनकाटा दुरुस्ती ठाणे". २०१२ साली गूगलने पेंग्विन नावाचं अपडेट आणलं तेव्हा असल्या विकतच्या लिंकांमुळे साइटी धडाधड खाली आल्या होत्या म्हणे, आणि २०१६ पासून तर बहुतेक वेळा ते असल्या लिंका मोजतच नाहीत. माझ्या लिंका नशिबाने दुसऱ्या प्रकारात गेल्या. नुकसान नाही पण पैसे पाण्यात.

मग मी गॅरंटीचा विषय काढला. पोरगा शांतपणे म्हणाला काका तुम्ही पहिल्या नंबरवर आहात की, आणि कराराचं तिसरं पान दाखवलं. "एजन्सीने निवडलेल्या कीवर्डवर." त्यांनी निवडलेला कीवर्ड, म्हणजे गूगलवर शोधायला टाकायचे शब्द, असा होता: बेस्ट डिजिटल वेइंग स्केल डीलर अँड रिपेअरिंग सर्व्हिस प्रोव्हायडर निअर रोड नंबर १६ वागळे इस्टेट ठाणे वेस्ट. एवढं वाक्य कोण टाईप करतं सांगा! काटा बंद पडलेला माणूस "काटा रिपेअर ठाणे" टाकतो आणि येईल तो पहिला नंबर लावतो. भाच्याने सर्च कन्सोल उघडलं (गूगलचं आहे, फुकट आहे, आपली साइट कोणत्या शब्दांवर दिसली, किती वेळा, किती क्लिक झाले, १६ महिन्यांपर्यंतचं दिसतं). त्या यादीत हे वाक्य नव्हतंच. फारच थोड्या लोकांनी शोधलेलं गूगल तिथे दाखवत पण नाही. मी एका अशा शर्यतीत पहिला आलो होतो जिच्यात धावायला दुसरं कोणी आलंच नव्हतं.

मार्चमध्ये मी पॅकेज पुढे नेलं नाही. वाटलं संपलं.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी नौपाड्याचे एक जुने मिठाईवाले स्वतः रिक्षाने काटा घेऊन आले. श्रीखंडाची गर्दी आणि काटा बंद, माणूस चिडलेला. "अहो, तुम्ही कळव्याला गेलात का? गूगलवरचा नंबर लावला तर कोणीतरी भलताच उचलतो, म्हणतो कळव्याला या." मी म्हटलं कुठला नंबर? त्यांनी फोन पुढे केला. दुकानाचा फोटो माझा, नाव माझं, वडिलांच्या हातची पाटी दिसतेय, आणि खाली नंबर अनोळखी.

झालं असं होतं की सुरुवातीलाच त्यांनी "कॉल ट्रॅकिंग"साठी (किती फोन आले ते मोजायला) म्हणून गूगल नकाशातल्या दुकानाच्या प्रोफाइलवर त्यांचा नंबर टाकला होता, तो माझ्याकडे फॉरवर्ड व्हायचा. मी ओटीपी सांगितला होता, मीच. प्रोफाइलची मालकी पण त्यांच्या ईमेलवर गेली होती. पॅकेज संपल्यावर फॉरवर्ड दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळवलं, बस. महिनाभर फोन कमी येत होते, मी उन्हाळा म्हणून सोडून दिलं.

एजन्सीला फोन केला तर "प्रोफाइल रिलीज चार्ज" १५ हजार. तो देऊ नका. तुमच्या दुकानाच्या प्रोफाइलवर जाऊन मालकी मागायची रिक्वेस्ट टाकता येते, समोरच्याला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात, नाही दिलं तर पुढे स्वतः क्लेम करायचा पर्याय येऊ शकतो. आमचं तसंच झालं, त्यांनी उत्तर दिलं नाही, व्हेरिफिकेशनला दुकानाचा, पाटीचा व्हिडिओ काढून द्यावा लागला. ज्यांचं अजून चालू आहे त्यांनी आजच बघा की प्रोफाइल, सर्च कन्सोल आणि डोमेन (साइटचा पत्ता) या तिन्हीचा मालक म्हणून कोणाचा ईमेल आहे. एजन्सीला मॅनेजर म्हणून जोडता येतं, मालक करायची गरज नसते, आणि जोडलेला माणूस काढता पण येतो.

पैशाचं विचाराल तर पोलीस म्हणाले हे दिवाणी आहे, करारावर तुमची सही आहे. वकील म्हणाले ग्राहक आयोगात जाता येईल, धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणून ते हरकत घेतील, पण दुकान हे स्वतःच्या पोटापाण्याचं आहे असं दाखवलं तर उभं राहता येतं. नोटीस पाठवलीय. बघू.

परवा न राहवून कळव्याच्या त्या दुकानाला फोन लावला, भांडायलाच. माणूस सज्जन निघाला, त्याला काहीच माहीत नव्हतं. तो त्या एजन्सीला एका कॉलचे १५० रुपये देतोय, वर महिन्याचं पॅकेज वेगळं. मी सगळं सांगितलं तर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, माझ्या दुकानाच्या नावाखाली कोणाचा नंबर आहे हो? जरा बघून सांगता का?"

बघितला. त्याचा पण नव्हता.