फोटोतलं मशीन आणि हातातलं घड्याळ

गेल्या दिवाळीत स्वित्झर्लंडच्या ओमेगा कंपनीचं जुनं घड्याळ म्हणून मी 24 हजार रुपयांना एक घड्याळ घेतलं. त्याच्या आत ओमेगाचं मशीन नव्हतं. मला ज्या रीतीने फसवलं त्या रीतीने जुन्या घड्याळांची हौस असलेल्या कुणालाही फसवता येईल, म्हणून सगळं लिहितोय.

माझा मामा मस्कतला होता. त्याच्या मनगटावर चावीचं ओमेगा असायचं आणि मला तसंच हवं होतं. ओळखीतून मुंबईतल्या एका विक्रेत्याचा नंबर मिळाला. माणूस बोलायला नम्र आणि जाणकार. मशीनचा फोटो मागितला तर पाच मिनिटांत आला. तांबूस सोनेरी मशीन, ब्रिजवर (मशीनच्या वरच्या पट्टीवर) ओमेगाचं चिन्ह, 601 हा कॅलिबर नंबर, म्हणजे मशीनचा मॉडेल नंबर, 17 ज्वेल्स (आतले बारीक खडे) आणि 24 ने सुरू होणारा आठ आकडी सिरियल नंबर. एका स्क्रूची खाच चेपलेली होती आणि तिच्या बाजूला एक बारीक ओरखडा. सिरियल नंबर ताडून पाहिला, तर 1966 च्या आसपासचा निघाला. सगळं जुळत होतं. जुळणारच, कारण फोटोतलं मशीन खरंच ओमेगाचं होतं.

दादर स्टेशनबाहेर भेटलो. मी म्हणालो, जवळच्या एखाद्या दुकानात उघडून बघू. तो म्हणाला, "साहेब, इथं धूळ किती आहे बघा. आत कण गेला तर मशीन अडकेल. घरी गेल्यावर तुमच्या माणसाकडून उघडून घ्या, काही निघालं तर मी आहेच." धुळीचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून पटलं. तिथेच यूपीआयने पैसे दिले. सगळा व्यवहार दहा मिनिटांचा.

पुण्यात आमचे घड्याळवाले काका आहेत, चाळीस वर्षं याच कामात. त्यांनी झाकण काढण्याआधी घड्याळ टाइमग्राफरवर, म्हणजे ठोके मोजणाऱ्या यंत्रावर, ठेवलं. आकडा आला 18,000. 601 चे ठोके तासाला 19,800 असतात, म्हणजे सेकंदाला साडेपाच. इथे पाचच पडत होते. काका काही बोलले नाहीत, झाकण काढलं. आत मशीनच्या भोवती प्लॅस्टिकची रिंग. 601 चा व्यास सुमारे 28 मिलिमीटर, हे मशीन जेमतेम 23 चं, म्हणून मधली फट भरलेली. ब्रिजवर ओमेगा कोरलं होतं, पण अक्षरं उथळ आणि कडा खरबरीत. मग काकांनी आयग्लास माझ्या हातात दिला आणि बॅलन्स व्हीलच्या, म्हणजे मागेपुढे फिरणाऱ्या चाकाच्या, खाली बघायला सांगितलं. तिथे एफएचएफची खूण आणि एसटी 96 हा नंबर होता. एफएचएफ हा स्वित्झर्लंडचाच कारखाना होता, अनेक कंपन्यांना मशीन पुरवणारा. वरचं नाव पुसून दुसरं कोरता येतं, खालच्या या खुणेकडे मात्र फारसं कुणी बघत नाही.

"मशीन वाईट नाहीये हो," काका म्हणाले, "पण दोन-तीन हजारांचं घड्याळ आहे हे."

विक्रेत्याला फोन केला. त्याचं उत्तर तयार होतं: "मी ओरिजिनलच दिलं होतं. मशीन तुमच्याकडे बदललं नसेल कशावरून?" पोलिस चौकीत अर्ज दिला, तेव्हाही हाच मुद्दा आला. माझ्याकडे होता तो फोटो खऱ्या मशीनचा, आणि त्याच्या मेसेजमध्ये लिहिलेलं फक्त "ओमेगा चावी, रनिंग". तो फोटो याच घड्याळाचा आहे असं त्याने कुठेही लिहिलं नव्हतं, आणि मीही लिहून घेतलं नव्हतं.

आता मी फोटो मागतच नाही, व्हिडिओ मागतो. डायल दाखवायची, न थांबता तिथेच झाकण काढायचं, बॅलन्स हलताना दिसला पाहिजे, सिरियल नंबर मोठ्याने वाचायचा आणि झाकण लावून पुन्हा डायल. समोरासमोर घ्यायचं असेल तर घड्याळवाल्याच्या दुकानातच भेटायचं. धुळीची भीती असेल तर तिथे ती नाही. ठोके मोजणारं ॲप फोनवर मिळतं. शांत खोलीत माईक घड्याळाला टेकवला की झाकण न काढताही आकडा कळतो. मात्र तो सांगितलेल्या कॅलिबरशीच ताडायचा, कारण ओमेगाची जुनी कितीतरी मशीन 18,000 चीच आहेत. मी फक्त फोटोतला सिरियल नंबर ताडला आणि तिथेच थांबलो.

यात मोठमोठे तज्ज्ञही फसलेत. 2021 साली जिनिव्हाच्या लिलावात एक ओमेगा स्पीडमास्टर 31 लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलेलं होतं, हे 2023 मध्ये उघड झालं.

माझे पैसे परत आले नाहीत. मागच्या महिन्यात नाशिकच्या एका मित्राने विचारलं, "ओमेगा मिळतंय, 26 हजार म्हणतोय, मशीनचा फोटो पाठवलाय, बघ जरा." डायल वेगळी होती, केस वेगळी होती. मशीनचा फोटो मोठा करून पाहिला. तीच चेपलेली खाच, बाजूला तोच ओरखडा.